निळ्या जोडीची जागा

गेल्या पावसाळ्यात घरातलं जुनं वायरिंग काढून नवं करून घेतलं, तेव्हा नेटवर्कची केबल टाकायला एक विशी-बाविशीचा मुलगा आला होता. दारापाशी फरशीवर मांडी घालून बसला, करड्या केबलचं साल पात्याने गोल फिरवून उतरवलं आणि आतल्या पिळलेल्या चार जोड्या मोकळ्या केल्या. मग एकेक तार अंगठा-तर्जनीत धरून पीळ सरळ करत पुटपुटायला लागला : ऑरेंज-व्हाइट, ऑरेंज, ग्रीन-व्हाइट, ब्लू, ब्लू-व्हाइट, ग्रीन, ब्राउन-व्हाइट, ब्राउन. आठ तारा एका रांगेत आल्या, टोकं एकसारखी कापली गेली, पारदर्शक प्लगात सरकली आणि क्रिंपिंग टूल दाबल्यावर कोरडा, ठाम ‘कट्’ आवाज आला. मी शेजारी उभी राहून बघत होते. नारिंगी जोडी एकत्र, निळी एकत्र, तपकिरी एकत्र. ताटातूट फक्त हिरवीची. तिची एक तार निळ्या जोडीच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे. मी विचारलं, “ही हिरवीच का फोडायची?” हात न थांबवता तो म्हणाला, “ताई, तसंच असतंय. सगळ्या जोड्या सरळ ओळीनं लावल्या तर टेस्टरवर आठी लाइट लागतात, पण स्पीड मिळत नाय.”

कसं करायचं ते त्याला नेमकं ठाऊक होतं. असं कोणी ठरवलं आणि का, ते मात्र राहूनच गेलं. मुलगा गेला, नेट सुरू झालं, घरातले सगळे आपापल्या पडद्यांकडे वळले. माझ्या डोक्यातून ती हिरवी जोडी जाईना.

जाईना याचं कारण असं, की या तारांमध्ये सगळी मेहनत जोडीला जोडी ठेवण्यासाठीच घेतलेली असते. दोन तारा एकमेकींभोवती पिळल्या की बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो, आणि पलीकडच्या टोकाला दोघींमधला फरक तेवढा वाचला की तो गोंगाट आपोआप वजा होतो. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची. १८८१ साली त्यांनी तिचं पेटंट घेतलं. आज आपल्या केबलीतल्या चारही जोड्यांचा पीळ मुद्दाम कमी-जास्त ठेवतात, म्हणजे शेजारच्या जोडीचं बोलणं हिच्या कानावर पडू नये. प्लग बसवतानाही पीळ तेरा मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये, असा दंडक आहे. इतकं जपून आणलेली जोडी शेवटच्या अर्ध्या इंचात फोडायची आणि मध्ये दुसरी बसवायची, हे उगाच कोणी करणार नाही. हा कुठल्यातरी जुन्या गोष्टीचा मान ठेवलेला असणार, असं मला वाटत राहिलं. आणि जुनी गोष्ट म्हटलं की माझं मन आजोळी जातं.

कऱ्हाडला आजोबांचं भुसार मालाचं दुकान होतं, त्यामुळे गल्लीत फोन आधी त्यांच्याकडे आला. काळा, जड, डायल सोडली की घरघरत मागे येणारा. त्याची वायर भिंतीवरच्या एका गोल, चॉकलेटी डबीत शिरायची. मामा तिला रोझेट म्हणायचा. मामा टेलिफोन खात्यात लाइनमन होता, म्हणून ती डबी उघडलेली आम्हा पोरांना बघायला मिळायची. एरवी तिला हात लावायची सोय नव्हती. फोन आपल्या घरात असला तरी आपला नव्हता. तो खात्याचा, वायर खात्याची, डबी खात्याची. आपलं काय, तर बोलणं. डबीच्या आत दोन पितळी स्क्रू आणि त्यांना गुंडाळलेल्या दोन तारा, एवढाच सगळा संसार असे. बेकलाइटचा तो किंचित जळका, किंचित गोड वास आजही मला जुन्या स्विचबोर्डपाशी येतो आणि मी थबकते.

मामा त्या तारा ओल्या बोटांनी चाचपायचा. लाइन जिवंत असली की मुंग्या येतात, म्हणायचा. त्या मुंग्या अठ्ठेचाळीस व्होल्टच्या, एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांकडून आलेल्या. त्या बॅटऱ्यांचं धन टोक जमिनीला जोडलेलं असतं आणि ऋण टोक लाइनवर, कारण तसं केलं की ओल्या मातीत तांब्याची तार कमी गंजते. हे मला फार उशिरा कळलं. मामाला ते कळायची गरज नव्हती. त्याला एवढंच माहीत होतं की बोटं तारेवर असताना नेमका कोणाचा फोन आला, तर रिंगचा झटका कोपरापर्यंत जातो. रिंगसाठी पाठवतात तो पाऊणशे किंवा त्याहून जास्त व्होल्टचा एसी करंट. मामासोबत काम करणारे एकमेकांना सांगायचे, तार धरलीस की हळू धर. दिवे गेले तरी फोन चालायचा तो याच बॅटऱ्यांमुळे. वादळात गाव अंधारात असायचं आणि आजोबांच्या दुकानातून लोक नातेवाइकांना ‘आम्ही बरे आहोत’ सांगायचे.

तर, डबी उघडायची नाही, हा नियम फक्त आपल्याकडचा असेल असं मला लहानपणी वाटायचं. आपल्या खात्याचं वळण म्हणून. पुढे वाचायला लागले तेव्हा कळलं, अमेरिकेत तो याहून कडक होता. तिथे देशभर एटी अँड टी कंपनीचं राज्य. टेलिफोन तिचा, तारा तिच्या, आणि तिच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं की कंपनीने न दिलेलं कुठलंही परकं उपकरण फोनला जोडता येणार नाही. हश-अ-फोन नावाची एक वाटी मिळायची, बोलण्याच्या तोंडाशी बसवायची, म्हणजे शेजारच्या टेबलावर आवाज जाऊ नये. तिच्यात विजेचा संबंधही नव्हता. तीसुद्धा कंपनीला चालेना. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९५६ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने वाटीच्या बाजूने निकाल दिला. मग आले टेक्ससचे टॉम कार्टर. गुराखी आणि तेलाच्या विहिरींवरची माणसं दूर माळरानात असायची, त्यांच्याकडे रेडिओ होते. कार्टर यांनी असं खोकं केलं की फोनचा हँडसेट त्यावर ठेवला की रेडिओवरचा माणूस थेट टेलिफोनवरच्या माणसाशी बोलेल. तार कुठेच जोडलेली नाही, फक्त आवाजाला आवाज. कंपनीने ग्राहकांना धमकावलं, कार्टर लढले, आणि १९६८ साली तिथल्या दूरसंचार आयोगाने कंपनीची बंदी मोडीत काढली.

मला ही माणसं फार जवळची वाटतात. त्यांनी क्रांतीची भाषा केली नाही. मला माझ्या घरातल्या फोनला माझी वस्तू जोडू द्या, एवढंच मागणं.

त्या निकालानंतरही कंपनीने थोडी वर्षं काढली : जोडा, पण मधे आमची संरक्षक पेटी भाड्याने घ्या. शेवटी आयोगाने १९७०च्या दशकात नोंदणीची पद्धत आणली. उपकरण तपासून नोंदवलं गेलं असेल, तर ते ठरलेल्या प्रमाण सॉकेटात कुणीही लावावं. आरजे ही अक्षरं ‘रजिस्टर्ड जॅक’ची, ती इथून आली. आपण स्टेशनरीच्या दुकानात सहज ‘आरजे-११ची वायर द्या’ म्हणतो, तेव्हा कार्टर यांच्या खोक्यापासून सुरू झालेलं ते सगळं भांडण त्या दोन अक्षरांत मिटवलेलं असतं. भिंतीवरचं ते चौकोनी भोक म्हणजे हद्दीची खूण. अलीकडे कंपनी, पलीकडे मी.

प्लगाची घडण मात्र एटी अँड टीच्याच बेल लॅब्ज आणि वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या लोकांची, म्हणजे ज्यांच्या हातून मक्तेदारी गेली त्यांचीच. त्याआधी तिथे चार काट्यांचा बोजड प्लग होता. नवा प्लग नखाएवढा, पारदर्शक प्लॅस्टिकचा, पोटाशी लवचीक जीभ. आत ढकलला की ‘टिक्’ होतो आणि जीभ दाबल्याशिवाय सुटत नाही. सॉकेटात सोन्याचा पातळ मुलामा दिलेल्या तिरप्या स्प्रिंगा असतात; प्लगाची पाती त्यांच्यावर घासत जाते, त्यामुळे प्रत्येक वेळी संपर्क स्वतःलाच पुसून घेतो. मी एकदा हँडसेटची तुटकी, वेटोळ्याची वायर कापून पाहिली होती. आत तांब्याची तार असेल वाटलं, तर दोरा निघाला! दोऱ्याभोवती तांब्याची कागदासारखी पातळ फीत गुंडाळलेली, जरीच्या धाग्यासारखी. हजारो वेळा ओढली-मुरडली तरी तुटू नये म्हणून. अशा तारेला स्क्रूखाली आवळता येत नाही, डाग देता येत नाही. म्हणून प्लगाची पाती वरून थेट तिच्या अंगात रुतवतात. फरशीवर बसलेल्या त्या मुलाच्या टूलने ‘कट्’ केलं, ते हेच रुतवणं होतं.

आजोबांकडे बटणांचा फोन आला तेव्हा चॉकलेटी डबीशेजारी पांढरी चौकोनी डबी लागली. मला आठवतंय, आजीने पहिल्यांदा ती जीभ दाबून वायर काढली आणि फोन उचलून माजघरात नेला. माजघरात दुसरी डबी होती. दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर तिला लेकीशी बोलावं लागत असे, ते त्या दिवशी संपलं. मामाला हा प्लग पटला नव्हता. स्क्रूखाली आवळलेली तार वीस वर्षं हलत नाही आणि ही जीभ पोरांच्या खेळात मोडते, असं त्याचं म्हणणं. जीभ मोडलेला प्लग सॉकेटात नुसता टेकून राहतो, खरखर सुरू होते आणि तक्रार लाइनमनकडे येते. दोघांचंही खरं होतं.

आता हिरव्या जोडीकडे येते. फोनच्या प्लगात सहा जागा असतात, पण साध्या फोनला दोनच तारा पुरतात. त्या दोन कुठे बसवायच्या? बरोब्बर मधे. दुसरी लाइन घेतली तर तिच्या दोन तारा पहिलीच्या अलीकडे-पलीकडे. तिसरी आली तर त्याही बाहेर. घंगाळात तपेलं आणि तपेल्यात तांब्या, अशी ही रचना. यात शहाणपण असं की प्लग दोन तारांचा असो, चारांचा किंवा सहांचा, मध्य सगळ्यांचा एकच, आणि पहिली लाइन कायम मध्यात सापडते. पहिल्या लाइनीचा रंग निळा. पुढे कार्यालयांत कॉम्प्युटर आले, त्यांना आठ तारांचा प्लग हवा झाला. हीच रचना पुढे नेली असती तर चौथ्या जोडीच्या तारा पहिल्या आणि आठव्या जागी गेल्या असत्या, एकमेकींपासून दूर, आणि भरधाव डेटासाठी अशी फाकलेली जोडी निरुपयोगी. म्हणून १९९०च्या सुमारास प्रमाण ठरवणाऱ्यांनी मधली दोन वर्तुळं टेलिफोनच्या पद्धतीनेच ठेवली आणि बाहेरच्या दोन जोड्या शेजारी-शेजारी बसवल्या. एक-दोनवर नारिंगी, सात-आठवर तपकिरी. मधे निळी, आणि निळीला दोन्ही बाजूंनी हिरवी. (काही ठिकाणी हिरवी आणि नारिंगी यांची अदलाबदल करतात, ती दुसरी मान्य पद्धत.) म्हणजे हिरवी फुटली ती दुसऱ्या टेलिफोन लाइनीच्या जागेवर बसल्यामुळे.

आणि यातली मला सर्वांत भावलेली गोष्ट पुढे आहे. इथरनेट म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना तारांनी जोडायची पद्धत. १९९० साली पिळलेल्या तारांवरून इथरनेट पाठवण्याचं मानक आलं, ते १०बेस-टी. त्याआधी झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी जन्माला घातलेलं इथरनेट जाड कोॲक्स केबलीवर चालायचं. केबलीला भोक पाडून, दात रुतवून जोड काढायचा. १०बेस-टीने ठरवलं की इमारतींत आधीपासून असलेल्या टेलिफोनच्या तारांसारख्याच तारा वापरायच्या. त्याला दोन जोड्या लागत होत्या. त्याने नारिंगी घेतली, हिरवी घेतली, आणि मधल्या निळीला हात लावला नाही. कुणी फोन त्याच भिंतीत लावला, तर त्याची घंटा वाजायला ती जागा मोकळी राहिली. इतकंच नाही, चुकून टेलिफोनच्या बॅटरीचा किंवा रिंगचा दाब नेटवर्कच्या यंत्रावर आलाच, तर निदान माणसाला धोका होऊ नये, असं कलमही त्या मानकात घातलं. रात्रंदिवस पुढे पळणाऱ्या धंद्यातल्या माणसांनी आधीच्याची जागा राखली, आणि तीही आतली, मधली, मानाची. त्यामागे व्यवहार होता हे मला समजतं. तरी मला त्यात जुनी रीत दिसते, आणि बरं वाटतं.

फोनचा लहान प्लग नेटवर्कच्या मोठ्या सॉकेटात जातो, हेही त्यातूनच आलेलं. तो नेमका मधल्या दोन स्प्रिंगांना भेटतो. मात्र त्याच्या प्लॅस्टिकच्या कडा पहिल्या आणि आठव्या स्प्रिंगेला दाबून वाकवू शकतात, तेव्हा घरातल्या मुलांना हे करू देऊ नका.

आठ तारांच्या ज्या प्लगाला आपण सगळे आरजे-४५ म्हणतो, तो खरा आरजे-४५ नव्हेच. मूळचा आरजे-४५ मोडेमच्या, म्हणजे फोनच्या लाइनीवरून कॉम्प्युटरचा डेटा पाठवणाऱ्या पेटीच्या, लाइनीचा होता. त्याच्या अंगाला एक जादा खाच, तारा दोनच, आणि सॉकेटात बसवलेला एक रेझिस्टर; तो मोडेमला सांगायचा की या घरापासून एक्स्चेंज किती लांब आहे, त्या मानाने आवाज किती जोरात सोड. घरापुरता नेमका बसवलेला तो रेझिस्टर मला फार सुंदर कल्पना वाटते. ती मावळली, नाव तेवढं दुसऱ्याला चिकटलं. आपल्याकडे १९९५च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने इंटरनेट सुरू केलं तेव्हा मोडेम साध्या आरजे-११वरच बोलायचे. फोनची वायर उपटून मोडेमला लावायची, ते किंचाळणं ऐकायचं, आणि तेवढ्या वेळात कुणाचा फोन आला तर घरातल्या ज्येष्ठांचं ऐकून घ्यायचं. माझा एक आतेभाऊ त्या दिवसांत सॉफ्टवेअरच्या कामाला युरोपभर फिरला. त्याच्या बॅगेत कपड्यांच्या खालोखाल जागा ॲडॉप्टरांची असे. ब्रिटनने १९८१ पासून स्वतःचा वेगळा, कडेला जीभ असलेला प्लग आणला होता. जर्मनीचा तिसराच, त्यातही फोनची खाच वेगळी आणि इतर उपकरणांची वेगळी. फ्रान्सचा आणखी निराळा. प्रत्येक देशाच्या टेलिफोन खात्याने भिंतीवर आपली सही केलेली. त्या सगळ्या आता पुसट झाल्या आहेत. प्रवाशांचं भलं झालं, यात शंका नाही.

निळी जोडी मोकळी राहिली ती फार वर्षं नाही. १९९९ साली तांब्याच्या तारांवरचं गिगाबिट इथरनेट आलं आणि त्याला चारही जोड्या लागल्या. त्यानंतर २००३ साली त्याच तारांतून वीज द्यायचं मानक ठरलं, म्हणजे कॅमेरे, फोन, वायफायच्या पेट्यांना वेगळा प्लग पॉइंट नको. ती वीज किती व्होल्टची? अठ्ठेचाळीसच्या आसपास. तिच्या एका पद्धतीत धन बाजू जाते निळ्या जोडीवरून. मामाच्या ओल्या बोटांना मुंग्या आणणारा दाब, त्याच जागी.

आमच्या घरात आता फायबर, म्हणजे काचेची तार, आहे. त्याच्या टोकाचा प्लग हिरवा असतो, आणि आतल्या काचेचं तोंड आठ अंशांत तिरपं घासलेलं, म्हणजे परतलेला प्रकाश आल्या वाटेने मागे जात नाही. निळ्या रंगाचा प्लग सरळ घासणीचा. हिरव्याला निळा जोडायचा नाही, तोंडं नीट मिळत नाहीत आणि खराब होतात. काचेतून घरापर्यंत आलेलं नेट घेणारी ही पेटी मला आवडते, तिचा वेग आवडतो. पण दिवे गेले की ती मुकी होते, कारण काचेतून वीज येत नाही. तिच्या पाठीमागे ‘टेल’ लिहिलेलं एक छोटं सॉकेट आहे, सहा जागांचं. तिथे फोन लावला तर आतलं सर्किट एक्स्चेंजचं सोंग घेतं, लाइनला दाब देतं, घंटाही वाजवतं. मी आजोबांचा काळा फोन जपून ठेवलाय, तो लावून पाहिला. घंटा वाजली. पुरात, वादळात वाजणारी ती ही घंटा नव्हे, हे मनात येतच राहिलं. आज बॅटरी सांभाळायचं काम एक्स्चेंजकडून माझ्याकडे आलंय, आणि त्यासाठी एक लहान यूपीएस मी आणून ठेवलाय.

मामा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्याला हे सगळं फोनवर सांगितलं, निळीपासून. तो शांतपणे ऐकत होता. मग मी त्याला नवी बातमी दिली. कारखान्यांसाठी इथरनेटचं एक नवं मानक २०१९ साली मंजूर झालंय, त्यात चार जोड्या नाहीत, दोन नाहीत, एकच जोडी आहे. दोन तारा. त्यांच्यावरून डेटा जातो, वीजही जाते, आणि अंतर एक किलोमीटर. नेहमीची केबल शंभर मीटरला थांबते, ही दहापट. तिच्यासाठी प्लगही नवे बनवलेत.

“एकाच जोडीवर?” मामाने विचारलं.

“एकाच.”

“आमची जोडी एक्स्चेंजपासून पाच-पाच किलोमीटर जायची. पण ते नुसतं बोलणं होतं,” तो म्हणाला. थोडा विचार करून त्याने विचारलं, “तार केवढी जाड घेतलीय?”

“एक मिलिमीटरच्या आसपास.”

“मग जाईल,” मामा म्हणाला. “आमची अर्ध्याची असायची.”